सातवा दगड

डॉक्टर पोचले तेव्हा हेमावतीला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि तिच्या कपाळाला विभूती लावून झाली होती. डॉक्टरांनी बॅग दारातच खाली ठेवली. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

"जाऊन किती वेळ झाला?"

"घटकाभर," शिवयोगी म्हणाला. तो हेमावतीचा धाकटा भाऊ. सकाळी सोलापूरला सायकल मारत जाऊन निरोप देऊन आला होता तो हाच.

घशातल्या गळवानं तीन दिवस तिची वाचा गेली होती, आणि आज सकाळपासून श्वास अडत होता. डॉक्टरांनी गळ्यावरून हात फिरवला. "चिरायला एक मिनिट लागलं असतं. आम्ही भलत्याच वाटेला लागलो. टांगा मळ्यात रुतला, दोन तास गेले."

शिवयोगी उठला तो सरळ बाहेर टांग्याकडं. त्यानं टांगेवाल्या गुरुसिद्धप्पाची गचांडी धरली.

"काय सांगितलं हुतं तुला? मैलाचा दगड बघ, डाव्या अंगाची गाडीवाट धर. सकाळच्या पारीच पिऊन आलास व्हय रं?"

"आईची आण, थेंब न्हाय घेतला. मला अक्षर येत न्हाय, पर आकडा कळतोय की. सात बघूनच वळलो."

"त्यो दगड हितं हाय, मुडद्या! हितं, आमच्या वाटंला! मैलभर अलीकडंच वळलास!"

त्यानं थोबाडीत मारली. पन्नाशीचा माणूस गाल धरून उभा राहिला. डॉक्टर मधे पडले.

रुद्रप्पा बायकोच्या पायाशी बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

सडकेच्या दगडांवर आकडे घालायचं काम त्याचंच होतं. आजवर अक्कलकोटची सडक सोलापूरच्या जुन्या नाक्यापासून मोजत. यंदा शून्याचा दगड मैलभर आत, शहरातल्या कचेरीपाशी बसवला. त्यामुळं पुढच्या प्रत्येक दगडाचा आकडा एकानं वाढवायचा होता. रुद्रप्पा चुन्याची बादली आणि काळा रंग घेऊन निघाला. सहाच्या दगडावर त्यानं सात घातला. त्याच दुपारी कुंभारीला कुस्त्या लागल्याचं कळलं आणि तो तिकडं गेला. रंग संपला म्हणून मिस्त्रीला सांगितलं. डबा अर्धा भरलेला होता. पुढचा दगड, त्याच्याच घराच्या वाटेच्या तोंडाशी असलेला, जुनाच राहिला. त्यावरही सातच.

पंधरा दिवस हेमावती विचारत होती, "उरलेलं दगड कवा करणार?"

"बघतंय कोण? बैलं काय आकडं वाचत्यात?" तो म्हणायचा. तीही हसायची.

आणि आज सकाळी घाईत त्यानं स्वतःच शिवयोगीला सांगितलं होतं, "सातवा मैल म्हण."

बाहेर गुरुसिद्धप्पा अजून तेच सांगत होता. "डोळ्यानं बघितला की हो. सातच हुता." रुद्रप्पानं तोंड उघडलं. समोर हेमावती बसली होती, मान जरा कलली होती. त्यानं ती नीट केली आणि परत पायाशी बसला.

तिला रिवाजाप्रमाणं बसवूनच शेतात पुरलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो डबा घेऊन सडकेवर गेला. आकड्यांचे पत्रे त्यानं कापून घेतलेले होते. पत्रा दगडावर धरायचा आणि वरून कुंचला मारायचा. साताचा पत्रा रंगानं काळा झाला होता. आठाचा अजून कोरा होता. जुना सात त्यानं चुन्यानं पुसला, चुना वाळेपर्यंत उन्हात बसून राहिला आणि वर आठ घातला. वस्तीत आकडा वाचता येणारा तो एकटाच. शिवयोगी आपल्या गावी गेला होता. कुणी काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी रुद्रप्पा पुढचे दगड रंगवून घरी परतत होता. वाटेच्या तोंडाशी गुरुसिद्धप्पाचा टांगा उभा होता. तो स्वतः दगडापुढं उकिडवा बसला होता. रुद्रप्पाला पाहून उठला आणि डोक्याचा पटका काढला.

"अण्णा, मी हाच बघायला आलो हुतो, त्या दिशी घाईत बघितलाच न्हाय. चार रात्री झोप न्हाय. तुमच्या वाटंला आठ हाय की हो. तुमी आठच सांगितलं असंल. मलाच सात ऐकू आलं. तुमच्या मेव्हण्यानं मारलं, बरं केलं."

रुद्रप्पानं रंगानं काळी झालेली बोटं मुठीत घेतली.

"लोक टांग्यात बसायला भ्यात्यात," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "म्हणत्यात, हा माणूस मारतोय. खरंच हाय. घोडं विकायला काढलंय." त्यानं टांग्यातून फडक्याची पुरचुंडी काढली. "कडक भाकरी हाय, शेंगाची चटणी. आमच्या हिनं दिलीय. तुमच्या घरात चूल पेटली नसंल."

रुद्रप्पा दोन्ही हात मागं घेऊन उभा राहिला. मग त्यानं पुरचुंडी घेतली.

"खावा की. माझ्यासमोर दोन घास खावा, म्हंजे मला बरं वाटंल."

दोघं दगडाला टेकून बसले. रुद्रप्पानं भाकरी मोडली. पांढऱ्या भाकरीवर काळी बोटं उमटली. त्यानं ती कड आधी खाऊन टाकली.

"चुकलंच माझं," गुरुसिद्धप्पा म्हणाला.

रुद्रप्पानं हातानंच पाणी मागितलं.

महिनाभरात त्यानं अक्कलकोटपर्यंतचे सगळे दगड पुरे केले. मिस्त्री येऊन बघून गेला. आता सडकेवर सात एकच आहे आणि सगळे आकडे बरोबर आहेत. गुरुसिद्धप्पाचं घोडं गेल्या बाजारात विकलं गेलं. त्याला सांगायचं अजून राहिलं आहे.