फोनवरची बहीण

अडचणीतल्या बायकांसाठीच्या एका संस्थेच्या हेल्पलाइनवर जयमाला दोन महिने वर्षालीला धीर देत होती. “एकटी समजू नकोस. मी तुझी मोठी बहीणच.” आपल्या घरचा पत्ताही तिनेच दिला होता.

बिनलग्नाच्या वर्षालीचं पोट दिसायला लागलं तसं चाकणच्या घरमालकिणीने खोली रिकामी करायला लावली. ती पिशवी घेऊन थेट थेरगावात जयमालाच्या दारात आली.

ओट्यावर जयमालाच्या सासूबाई मेथी निवडत होत्या. “कोण गं ही?” त्यांनी आतून आलेल्या जयमालाला विचारलं.

जयमालाने नजर चुकवली. वर्षालीनेच सावरून घेतलं. “धुण्याभांड्याचं काम मिळेल का, विचारायला आले होते.”

“आमच्याकडे बाई आहे,” जयमाला घाईघाईने म्हणाली.

वर्षालीने मान हलवली आणि पिशवी उचलली.

तिच्या पोटाकडे बघत सासूबाईंनी जुडी खाली ठेवली. “थांब पोरी. जयमाला, रोज फोनवर जिची बहीण होऊन बोलतीस, ती हीच न्हवं?”