मुंग्यांच्या वाटेनं

खुरपं बिळात होतं, तेवढ्यात वरून पार्वतीबाईचा आवाज आला.

“कुणाचं काढायलीस गं, कोंडे?”

कोंडाबाईनं मान वर केली नाही. काळ्या मातीच्या पापुद्र्याखाली मुंग्यांचं कोठार उघडं पडलं होतं. गवताचं बी, आणि त्यात ज्वारीच्या पांढऱ्या कण्या. कण्या पार्वतीबाईच्याच. रोज सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनी ती बिळापाशी पसाभर कण्या टाकायची. मुंगीला घातलं की पुण्य लागतं आणि माणसाला घातलं की सवय लागते, असं तिचं म्हणणं.

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली. औशाच्या रस्त्यानं नव्या कचेरीच्या जीपा धुरळा उडवत जायच्या. आभाळाला मात्र नव्या जिल्ह्याचं कुणी कळवलं नव्हतं. शिवारात गवताची काडी उरली नव्हती. कोंडाबाईची शेळी मुंग्यांच्या या साठ्यावर जगत होती. निम्मा साठा कोंडाबाई मुंग्यांसाठी मागं ठेवायची. शेळीचं वाटीभर दूध पार्वतीबाईच्या तान्ह्या नातवाला जायचं, कारण सुनेचं आटलं होतं. त्या बदल्यात कोंडाबाईला पार्वतीबाईच्या विहिरीचं पाणी मिळायचं. गावात दुसरी दुभती शेळी नव्हती, आणि दुसऱ्या विहिरीला पाणी नव्हतं.

“मुंगीच्या तोंडचा घास काढतीस. पाप लागंल.”

कोंडाबाई हसली. पाप-पुण्य तिचा सासरा छप्पन साली नागपुरातच ठेवून आला होता. येताना त्यानं फक्त बुद्धाची तसबीर आणली होती.

“हसतीस? ह्या बिळाला परत खुरपं लाव, मग बघ. विहिरीवर पाय ठेवू देणार न्हाई.”

“बरं.” कोंडाबाईनं खुरपं लुगड्याला पुसलं. “मग दूध बी न्हाई यायचं.”

“का म्हणून?”

“शेळी हेच खाती, काकू. तुमचा नातू मुंग्यांचंच पितोय.”

पार्वतीबाईनं ओठ आवळले. तोंडात खडा आल्यासारखे.

कोंडाबाईला त्या पोराचं रडणं आठवलं. तिचा आवाज उतरला. “पसाभर टाकता तुम्ही. त्यातलं मुंग्या खात्यात, धावून धावून जिरवत्यात. उरलं ते शेळी खाती. तिचं बी निम्मंशिम्मं चालण्यात, वरडण्यात जातं. मग लेकराच्या तोंडात कितीसं पडणार? त्याच कण्या सरळ शेळीपुढं टाका. लेकरू पोटभर पिऊन निजंल.”

“दाणा ढोरापुढं? असल्या सालात?” पार्वतीबाई तुच्छतेनं म्हणाली. “आणि तो बी तुझ्या शेळीपुढं?”

कोंडाबाईनं ओटीतलं होतं नव्हतं ते सगळं बिळावर परत ओतलं. हात झटकले आणि भीमनगराकडं चालू लागली. मागं वळून बघण्याइतकीही किंमत तिनं त्या बाईला दिली नाही.

सांजेला शेळीनं वाटीच्या बुडाला पुरेल एवढंच दूध दिलं. तेही कोंडाबाईनं पाठवलं. सकाळी कास रिकामी चिंधीसारखी लोंबत होती. पार्वतीबाईच्या घरातून पोराचं रडणं वस्तीपर्यंत येत होतं. आता त्या रडण्यात जोर उरला नव्हता.

कोंडाबाईनं घागरी उचलल्या. आज विहिरीवर दोन शब्द बोलायचेच, असं ठरवून ती निघाली.

बिळापाशी पार्वतीबाई उकिडवी बसली होती. नुकतीच न्हालेली. हातात कुदळ. बीळ मुळापासून उकरलं होतं. मातीवर पांढरी अंडी विखुरली होती, आणि मुंग्या तिच्या कोपरापर्यंत चढल्या होत्या. ओटीत सगळा साठा होता, एक दाणाही तिनं मागं सोडला नव्हता.

“घे,” ओटी पुढं करत ती म्हणाली, “घाल तुझ्या शेळीला. कणगीला हात लावायची पाळी आजून आली न्हाई आमच्यावर.”