पाचशे मीटर आधी

“आवाज बाईचा हवा की पुरुषाचा?” दुकानदाराने विचारलं.

“बाईचा,” काकू लगेच म्हणाल्या. “पुरुषाचं ऐकायची सवयच नाही यांना.”

शेजारच्या स्टुलावर बसलेले काका नुसते हसले. काउंटरवर तीन यंत्रं बॅटरीला जोडून ठेवली होती. तिन्ही मोटारीच्या डॅशबोर्डमध्ये बसणारी, रस्ता दाखवणारी. मागच्या भिंतीवर हॉर्न, सीटकव्हर आणि पायपुसण्या टांगलेल्या.

गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत दुकानदार त्याला जोखून मोकळा व्हायचा आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. या काकांनी आल्या आल्या आपली जुनी मोटार दोन खांबांमधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात मागे घेतली होती. हात शाबूत आहेत, दुकानदाराने मनाशी म्हटलं, बिघाड वरच्या मजल्यावर आहे.

कारण काकूंनी बसायच्या आतच सगळं सांगून टाकलं होतं.

“गेल्या महिन्यात निघालो दाताच्या डॉक्टरांकडे आणि पोचलो लाकडाच्या वखारीत! त्याआधी भाचीकडे जायचं तर थेट हायवेला लागलो. शेवटी मुलगा आला शोधायला.”

“चुकलो,” काका म्हणाले.

“मुलाने बजावलंय यांना. आता एकदा जरी हरवलात, तर किल्ली माझ्याकडे. मग बसा दोघं घरात एकमेकांची तोंडं बघत.”

दुकानदाराला आपले वडील आठवले. त्याने स्वतः त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती. त्यांच्या भल्यासाठीच. त्यानंतर वडील गॅलरीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या स्कूटरी बघत बसायचे. या काकांची किल्ली जाऊ द्यायची नाही, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

“मुलगा म्हणतो, फोनवर बघा की रस्ता,” काकू म्हणाल्या. “अहो, आमच्या घरात फोन शोधायलाच वेगळं यंत्र लागेल.”

“मग हे बघा.” दुकानदाराने मोठ्या स्क्रीनचं यंत्र पुढे सरकवलं. “गाणी, सिनेमा, मागे घेताना कॅमेरा. सगळं आहे.”

“सिनेमा नको. पडदा छोटा चालेल,” काका पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. “हे बोलतं कधी? वळणाच्या किती आधी?”

“दोनशे मीटर.”

“उशीर होतो.”

“या मधल्या यंत्रात बदलता येतं. पाचशे करू?”

“पाचशे करा. आणि प्रत्येक वळण सांगायला हवं. ओळखीचं असलं तरी.”

वय झालं की पटकन सुचत नाही, आधी तयारी लागते. दुकानदाराने मान डोलावली. स्वतःचं दुखणं ओळखून वागणारा म्हातारा त्याला आवडला.

“एकतीस वर्षं बेकरीची गाडी चालवलीय यांनी,” काकू कौतुकाने सांगू लागल्या. “साठ दुकानं. मी शेजारी यादी घेऊन. मी डावीकडे म्हटलं की हे डावीकडे, उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. कधी उलटून विचारलं नाही. आणि आता बघा, मी शेजारी बसलेली असूनही चुकतात!”

काका चष्मा पुसत राहिले.

दुकानदाराने मधलं यंत्र चालू करून दाखवलं. ‘पाचशे मीटरवर उजवीकडे वळा,’ यंत्रातली बाई शांतपणे म्हणाली. काकूंनी कान देऊन ऐकलं.

“छान बोलते हो. ठाम. हिने तोंड उघडलं की मी गप्प. दोन बायका एका गाडीत बोलायला लागल्या, तर यांचा पार गोंधळ उडेल.”

“नक्की गप्प बसशील?” काकांनी विचारलं.

“तुमच्या किल्लीसाठी तेवढं करीन हो. पण आवाज बाईचाच ना?”

“बाईचाच, काकू,” दुकानदार म्हणाला. आवाज त्यांनीच निवडला होता, आत्ताच ऐकलाही होता. गिऱ्हाइकांच्या घोळाची त्याला सवय होती.

“घराचा पत्ता सांगा. घालून ठेवतो. एक बटण दाबलं की कुठूनही घरी.”

प्रश्न काकांना होता. काका पायपुसण्यांकडे बघत राहिले. घरचा पत्तासुद्धा! दुकानदाराला अगदी भरून आलं.

“पाण्याच्या टाकीमागे, दुसरी गल्ली, नऊ नंबर,” काकूंनी धडाधड सांगितलं. “दारात पिवळा दिवा आहे.”

“हो, तोच घाला,” काका म्हणाले.

दुकानदाराने पत्ता टाकला. “आता तासाभरात बसवून देतो. काकू, गाडीतला कप्पा तेवढा रिकामा कराल?”

काकू लगबगीने बाहेर गेल्या. काचेतून दिसत होतं, त्या कप्प्यातला एकेक कागद काढून, वाचून, मांडीवर ठेवत होत्या. काका उठून काउंटरपाशी आले.

“तो पत्ता बदला,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “नदीपलीकडे, बागेसमोरची इमारत, चौथा मजला. मुलगाही त्याच इमारतीत राहतो.”

दुकानदाराला कीव आली. “काका, काकूंनी आत्ताच नीट सांगितलाय पत्ता. नऊ नंबर. आठवतंय ना?”

“आठवतंय. ते घर आम्ही सोडलं त्याला बावीस वर्षं झाली. पाडलंसुद्धा.”

दुकानदाराचं बोट यंत्रावर तसंच राहिलं. बाहेर काकू मान वर करून इकडेच बघत होत्या. काकांनी हसून त्यांना हात केला.

“मुलाला यातलं काही कळू देऊ नका. मीच चुकतो असं वाटतंय त्याला, वाटू दे. रस्ते मला सगळे पाठ आहेत हो,” काका म्हणाले. “पण अजूनही ती सांगते तिकडेच वळतो मी.”