रुमालाखालचा भाव

“तुला कन्नड येतं का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“न्हाई साहेब,” मतीन म्हणाला.

मागच्या बाकावर त्याच्या बायकोचा, आसियाचा, जीव भांड्यात पडला.

मतीन आटपाडीचा बकऱ्यांचा व्यापारी. चोरीची बकरी विकल्याच्या संशयावरून सीमेपलीकडच्या पोलिसांनी त्याला घरातून उचललं होतं. इथल्या कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला कर्नाटकात नेता येत नव्हतं, म्हणून आजची ही हजेरी.

आसियाला चोरीचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला घोर लागला होता तो वेगळाच. पलीकडच्या बाजारात मतीनची कुणी बाई आहे, असं जाऊ सुमैराने तिच्या कानात घातलं होतं. “लय देखणी हाय म्हणं. आन मराठीचं अक्षर येत न्हाई तिला.” तेव्हापासून आसिया आतून जळत होती. मतीन बाजाराहून आला की ती त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायची, मग स्वतःचीच लाज वाटून सदरा बादलीत बुडवायची.

“जिची भाषा येत न्हाई तिच्याशी बोलू कसा गं?” तो म्हणायचा. ते तिला पटायचं, आणि पटायचं नाहीही.

मतीनच्या वकील शिवांजली उभ्या राहिल्या. “अटकेचं कारण माणसाला कळेल अशा भाषेत लेखी द्यावं लागतं, साहेब. यांनी दिलेला कागद कन्नडमध्ये आहे.”

“इतकी वर्षं तिकडे धंदा करतो आणि भाषा येत नाही?” पलीकडून आलेल्या फौजदारांनी हिंदीत विचारलं.

“बकऱ्यांचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो,” शिवांजली म्हणाल्या. “तिथे बोलायचंच नसतं.”

न्यायाधीशांनाही तो रिवाज ठाऊक होता. अटक बेकायदा ठरली. मतीन सुटला.

आसियाला रडूच फुटलं. नवरा सुटला याचा आनंद होताच. पण ह्याला कन्नड येत नाही, हे आता खुद्द कोर्टाने मानलं होतं! सुमैराला ती तोंडावर ऐकवणार होती. त्या न पाहिलेल्या बाईची तिला जराशी कीवसुद्धा आली.

“आवं, चला घरी. मटण करते,” ती व्हरांड्यात त्याला म्हणाली. चारचौघांत तिने त्याचा हात धरला होता, लग्नानंतर पहिल्यांदाच.

शेजारीच फौजदार वैतागून आपल्या दोन शिपायांना कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. शिवांजलींना कळलं नाही. आसियाला कळलं नाही. दोघे शिपाई फिस्सकन हसले.

मतीनही हसला.