देव्हाऱ्यातलं लायसन

भगीरथनं लायसन देव्हाऱ्यात ठेवलं. कुठंतरी कोपऱ्यात नव्हे, खंडोबाच्या टाकाच्या बरोबर पुढ्यात.

"कुंकू लाव गो त्याला," तो बायकोला म्हणाला. "सहा महिन्यांनी घरात आलंय."

आलंय म्हणे! जसा काही लेकच परगावाहून आला. गिरजानं करंड्यात बोट बुडवलं आणि प्लास्टिकच्या पाकिटावर टेकवलं. जरा जोरातच टेकवलं.

तेवढ्यात शेजारीण लहानी आली. भगीरथनं तिला सगळी हकिगत सांगितली, दुपारपासून तिसऱ्यांदा. दारू पिऊन मुरबाडच्या रस्त्यावर पॅसेंजरनं भरलेली जीप नाल्यात घालणार होता, पोलिसांनी पकडलं, लायसन गेलं. आज अर्ज आणि शहापूरच्या डॉक्टरचा दाखला घेऊन तो आरटीओच्या साहेबापुढं उभा राहिला. "साहेब म्हनाले, थेंब तरी घेतलास का रे मधी? मी म्हनलं, वास घेऊन बघा साहेब!"

"नशीब काढलंस हो गिरजा," लहानी म्हणाली. "दारू सोडलेला नवरा मिळतोय कुनाला?"

गिरजा हसली. हसायलाच हवं होतं. आतून मात्र तिचा नुसता जळफळाट चालला होता, आणि तोही कुणावर, तर त्या तळहाताएवढ्या कागदावर. सांगायचं तरी कुणाला? सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

बारा वर्षं तिनं या माणसाचे पाय धरले होते. उपास केले, अबोला धरला, पोरीच्या डोक्यावर त्याचा हात ठेवायला लावला. आणि एका साहेबानं दोन मिनिटांत लायसन काढून घेतलं, तर दुसऱ्या दिवसापासून गडी ताक प्यायला लागला. लायसनची झेरॉक्स सहा महिने शर्टाच्या खिशात, छातीशी. झोपताना उशाखाली.

बाहेरून अनंताची हाक आली. तोही जीपच चालवायचा, आणि पूर्वी दोघं एकाच बाकावर बसून प्यायचे. "भगीरथ, चल रे! लायसन आलं, आज बसायलाच पायजे."

भगीरथ दारापर्यंत गेला.

"नाय रे बाबा. परत गेलं म्हंजे? लायसनपुढं आपल्याला काय मोठं नाय."

अनंता हात हलवत निघून गेला. लहानीनं कडाकडा बोटं मोडून भगीरथची दृष्ट काढली आणि तीही घरी गेली. आता देवापुढं साखर ठेवावी, इतकं चांगलं झालं होतं. ते काय गिरजाला कळत नव्हतं? पण तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग येत होता. लायसनपुढं काय मोठं नाय. ती भाकऱ्या थापायला बसली. दुसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा तिच्यानं राहवलं नाही.

"एक विचारू? स्नेहलच्या डोक्यावर हात ठेवलात, तवा किती दिवस ऱ्हायलात?"

भगीरथ ताटावर बसला होता. "चार."

"आनि माज्या गळ्याची शपथ घेतलीत, तवा?"

"तवा..." त्यानं मान खाली घातली. "दुसऱ्याच दिवशी. पन आता सोडली ना गो?"

"सोडलीत. माज्यासाठी नाय सोडलीत. त्याच्यासाठी सोडलीत." पिठानं भरलेलं बोट तिनं देव्हाऱ्याकडं केलं. "मी त्याच्याहून हलकी झाले का?"

भगीरथ पार गोंधळला. भोळा माणूस, खोटं बोलायचा ते फक्त नशेत. आता शुद्धीवर होता. तो म्हणाला, "तसं नाय गो. लायसन त्यांनी काढून घेतलेलं. तू तर घरातच होतीस."

तव्यावरची भाकरी करपली. गिरजानं ती तशीच त्याच्या ताटात टाकली.

सकाळी भगीरथनं जीप धुतली, तिला झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. देव्हाऱ्यातलं लायसन घेऊन दोन्ही डोळ्यांना लावलं आणि खिशात ठेवलं. गिरजा हे सगळं चुलीपाशी उभी राहून बघत होती. मग ती कपड्यांची पिशवी आणि स्नेहलला घेऊन बाहेर आली आणि जीपमध्ये मागच्या बाजूला, पॅसेंजर बसतात तिथं जाऊन बसली.

"अगो, पुढं बस ना. कुठं निघालीस?"

"धसईला. आयकडं."

"आज? आज पयली फेरी मुरबाडची हाय, लोक थांबलेत स्टँडवर."

"थांबू देत."

आजूबाजूचे सगळे दारात उभे राहून बघत होते. भगीरथनं मुकाट्यानं गाडी सुरू केली. चाकांखाली लिंबं फुटली. वाटेत त्यानं दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा समोरून एसटी आली.

धसईच्या बाजारापाशी गिरजा उतरली. स्नेहल मामाच्या घराकडं पळत सुटली. भगीरथ खाली उतरून उभा राहिला. हातात किल्ली, आणि तोंड असं उतरलेलं, जसं त्या दिवशी पोलिसांपुढं उतरलं होतं.

"न्यायला कदी येऊ?" त्यानं विचारलं. "परवा येऊ का?"

गिरजानं पदर सारखा केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अर्ज करा," ती म्हणाली. "मग बघू."