दोनशे वाट्या

आमच्या रावजीशेठनी मुलाच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला फणसाच्या लाकडाच्या दोनशे वाट्या गुहागरच्या सुताराकडून घडवून घेतल्या. प्रत्येकीवर 'विनीत–सानवी' अशी नावं कोरलेली. लग्न आठवड्यावर आलं आणि सानवीनं ते मोडलं. शेठनी सून दुसरी शोधली, वाट्या मात्र त्याच ठेवल्या.

लग्न लागलं. नवरीचं नवं नाव नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहायचं, ती वेळ आली. शेठ मुलाच्या कानाशी वाकले, "सानवीच लिही रे! नायतर वाट्या काय खाडीत टाकू?" मी शेजारीच उभा होतो, म्हणून सांगतो; ऐकीव गोष्टी मी सांगत नाही.

विनीतनं मुकाट्यानं 'सानवी' लिहिलं. नवरी तेजस्वीनं ते वाचलं. रडली नाही, रुसली नाही. तिनं हातानं तांदूळ सारखे केले, नवऱ्याकडून अंगठी मागून घेतली आणि सासऱ्यांकडे बघून गोड हसली.

 

"बाबा, माझंही आधी एक ठरून मोडलंय. आमच्या घरी 'तेजस्वी–रितेश' कोरलेल्या तीनशे वाट्या पडून आहेत. तुमच्यापेक्षा शंभर जास्त, तेव्हा आजपासून हे रितेश!"