‘हे’

झटका येऊन गेल्यापासून आईची वाचाच गेली होती. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज चित्रांची कार्डं दाखवायच्या आणि आई भिंतीकडे बघत बसायची. आज बाईंनी त्यांत बाबांचा फोटो घातला. “हे कोण?” आईचे ओठ हलले. “हे.” बाईंनी सुस्कारा सोडला. “माझाच शब्द परत म्हणतायत. चूकच धरावी लागेल.” बाबा उसळले. “चूक कसली डोंबलाची! लग्न झाल्यापासून हिनं कधी माझं नाव घेतलंय? मी म्हणजे ‘हे’च!” बाई हसल्या. “मग बरोबर धरते. आज इथंच थांबू, काका.” पण बाबांना राहवेना. “आणखी एकच,” म्हणत त्यांनी स्वतः कार्ड उचललं. किटली निघाली. “सांग बघू, हे काय?” आईनं किटलीकडे बघितलं, मघाशी फोटोकडे बघितलं होतं अगदी तितक्याच मायेनं. “हे.” बाबांनी कार्ड पालथं ठेवलं. “बाई, ते मघाचंही चूकच धरा.”